कुणी वाली नाही

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे सुटलं ते लिहिताना घातलं. उगाच बोललो होतो ते काढून टाकलं.)



मी प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावता. आज कविता वाचणार नाही, अफगाणिस्तानातल्या गव्हर्नरांवर बोलणार, असं म्हटल्यावर मघाशी मागं कोणतरी हसलं. हसू दे. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं ते तुमच्यापुढं ठेवतो. पटलं तर घ्या.

आपल्याकडं एखाद्याच्या पाठीशी कुणी नसलं की आपल्या आया म्हणतात, 'त्याला कुणी वाली नाही गं.' झोपडी तुटली, वाली नाही. पोरगं पोलीस कोठडीत मेलं, वाली नाही. हा शब्द आपल्या मातीतला नाही. अरबीतून फारशीत गेला, फारशीतून दरबारात, आणि दरबारातून फिरत फिरत आपल्या आयांच्या तोंडात आला. अफगाणिस्तानात आजसुद्धा प्रांताच्या गव्हर्नरला वाली म्हणतात. म्हणजे बघा, आपल्या बोलीत वाली म्हणजे सांभाळणारा, आणि तिकडं वाली म्हणजे वरनं नेमून पाठवलेला साहेब. हे दोन अर्थ कधी एका माणसात भेटले का, एवढं मला बघायचं होतं. अख्खा देश माझ्या आवाक्यात नाही. दक्षिणेकडचे दोन प्रांत घेतो, कंदाहार आणि हेल्मंद. बाकीच्यांना वाटेत हात लावीन.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपला राज्यपाल डोळ्यापुढं आणू नका. मलबार हिलवर समुद्राकडं तोंड करून राहणारा, मंत्र्यांना शपथ देणारा, पदवीदानाला झगा घालून बसणारा. आपल्या घटनासमितीनं १९४९ साली राज्यपाल निवडून द्यायचा विचार सोडला आणि नेमायचं ठरवलं, कारण खरा कारभार निवडून आलेल्या मंत्रिमंडळानं करायचा होता. तिकडं तसं नाही. तिकडं प्रांतात वालीच्या डोक्यावर निवडून आलेला कुणी नसतो. जमिनीचा तंटा त्याच्यापुढं, कंत्राट त्याच्या माणसाला, पोलिसांवर त्याचा वचक, आणि टोळीच्या म्हाताऱ्यांची जिरगा बसली तर मधली गादी त्याची. कागदावर त्याला फार अधिकार नसतात. बंदूक असते.

आता आपल्याच मुंबईतून सुरुवात करतो.

फोर्टात एक रस्ता आहे, हजारीमल सोमाणी मार्ग. जुनी माणसं अजून त्याला वॉडबी रोड म्हणतात. हा वॉडबी कोण? १९ व्या बॉम्बे इन्फन्ट्रीचा मेजर. १८८० च्या एप्रिलात कंदाहार आणि चमनच्या मधे दुबराई नावाच्या चौकीवर तो वेढला गेला. बरोबर फलटणीचे दोन शिपाई आणि मूठभर स्थानिक माणसं. काडतुसं संपेपर्यंत लढले आणि मेले. त्या दोन शिपायांची नावं इलाही बक्ष आणि सोननाक ताननाक. नावापुढं नाक लावणारी माणसं कुठल्या वाड्यातली, हे या खोलीत मला समजावून सांगायला नको. रस्त्याला नाव मेजरचं लागलं. सोननाकच्या नावाची गल्लीसुद्धा नाही. आणि पुढं दहाबारा वर्षांतच इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच बंद केली.

पण माझा प्रश्न रस्त्याचा नाही. सोननाक तिथं गेला कशाला? कुणाची खुर्ची राखायला?

तर ती खुर्ची एका वालीची होती. इंग्रजांनी १८७९ च्या सुरुवातीला कंदाहार घेतलं. ते काबूलपासून तोडून आपल्या पंखाखाली ठेवायचा त्यांचा बेत होता. राज्य चालवायला एक सरदार लागतो, तो त्यांना मिळाला, शेर अली खान. (अमीर शेर अली वेगळा, तो १८७९ मध्येच मेला होता. हा त्याच्या भाऊबंदांतला.) त्याला वाली केलं, सनद दिली, वर तोफाही दिल्या. हेरातचा गव्हर्नर अयूब खान फौज घेऊन चालून आला, तेव्हा या वालीचं सैन्य हेल्मंद नदीवर गिरिश्कजवळ उभं होतं. १८८० च्या जुलैत एके दिवशी ते सैन्य वालीला टाकून उठलं आणि तोफा घेऊन अयूबला मिळायला निघालं. तोफा इंग्रजांनी परत धरल्या. माणसं कोण धरणार? परक्याच्या सनदेसाठी मरायची त्यांची तयारी नव्हती.

मग २७ जुलैला मैवंदची लढाई झाली. अडीच हजारांची ब्रिगेड, त्यात बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स म्हणजे आपल्याच मुंबई इलाख्याच्या फलटणी. जवळजवळ हजार जण तिथं मेले. हमाल, पाणके, सईस जे मेले त्यांचा हिशेब निराळा. जगात कुठंही हमालांचा हिशेब निराळाच असतो, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि वाली? वाली शेर अली खान इंग्रजांची पेन्शन घेऊन कराचीत जाऊन राहिला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १८८१ च्या एप्रिलात इंग्रजांनी कंदाहार सोडलं आणि काबूलच्या अमीर अब्दुर रहमानच्या हवाली केलं. एवढी माणसं मारून वर्षभरात सगळं पुन्हा काबूलकडं.

ही गोष्ट मी एवढी लांबवून सांगितली, कारण पुढची सव्वाशे वर्षं तीच गोष्ट नावं बदलून घडते. परका येतो, वाली बसवतो, तोफा देतो. खालचा शिपाई पळून जातो आणि वालीची सोय होते.

अब्दुर रहमाननं सगळा देश एका मुठीत घेतला. त्यानं १८९१ ते ९३ मध्ये हजारा लोकांचं बंड चिरडलं. हजारा म्हणजे मधल्या डोंगरातले शिया लोक, चपट्या नाकाचे म्हणून हिणवले जाणारे. त्यांच्या जमिनी दुसऱ्यांना वाटल्या, बायापोरं गुलाम म्हणून विकली. ती गुलामी कायद्यानं जायला १९२० चं दशक उजाडलं. आणि कायदा गेला तरी पुढं किती पिढ्या काबूलच्या बाजारात पाठीवर ओझं वाहणारा हमाल हा बहुतेक हजाराच असायचा. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

हेल्मंदकडं येतो. नदी आहे, आजूबाजूला वाळवंट. १९५३ मध्ये काजाकीचं धरण पुरं झालं. अमेरिकन कंपनीनं बांधलं, पैसा आधी अफगाण सरकारचा आणि मग अमेरिकन कर्जाचा. बोग्रा नावाचा मोठा कालवा काढला. लष्करगाह शहर वसवलं, ते इतकं अमेरिकन थाटाचं की लोक त्याला छोटी अमेरिका म्हणायचे. कालव्याखाली भटक्या आणि भूमिहीन लोकांना बाहेरून आणून बसवलं. कागदावर केवढं चांगलं काम! पण जुन्या टोळ्या म्हणाल्या, ही कुरणं आमची होती. नवे म्हणाले, आम्हाला सरकारनं दिली. कालव्याच्या वरच्या अंगाला कोण आणि शेपटाला कोण, पाणी आधी कुणाला, हा तंटा तिथं सुरू झाला. पुढं ज्याला जग कधी जिहाद, कधी दहशतवाद म्हणालं, त्यात या पाण्याचे आणि जमिनीचे तंटे मुरलेले आहेत. वर्तमानपत्रात ते येत नाही. पाण्याचा तंटा छापून पेपर खपत नाही.

१९७८ च्या एप्रिलात काबूलमध्ये खल्क पक्षानं सत्ता घेतली. आता हे आपल्या कामाचं आहे, नीट ऐका. या लोकांनी जे हुकूम काढले ते वाचून आपल्यातला कुणीही टाळ्या वाजवील. सहावा हुकूम, सावकाराकडं गहाण जमीन आणि व्याजाची कर्जं रद्द किंवा कमी. सातवा, पोरीच्या लग्नात घेतला जाणारा पैसा मर्यादित. आठवा, तीस जरीबांच्या वरची चांगली जमीन जप्त, भूमिहीनांना वाटप. तीस जरीब म्हणजे आपले सुमारे पंधरा एकर.

मग झालं काय? कर्ज रद्द झालं, पण पुढच्या पेरणीला उधार द्यायला बँक नव्हती. सावकार म्हणाला, जा आता सरकारकडं. जमिनीचा कागद मिळाला. बैल नाही, बियाणं नाही, पाण्याचा हक्क तर नाहीच. आणि हे सगळं करायला गावात आले ते शहरातून नेमलेले वाली, त्यांचे हाकिम आणि पक्षाची तरुण पोरं. भूमिहीनाला त्यांनी विचारलं नाही, त्याची संघटना बांधली नाही. त्याच्या नावानं हुकूम वाचला आणि जो आडवा आला त्याला तुरुंगात घातला. १९७९ च्या मार्चमध्ये हेरात पेटलं, डिसेंबरात रशियन रणगाडे आले. जमीनदार मुजाहिदीन झाला आणि त्याचा कूळसुद्धा त्याच्याच मागं गेला. माझ्या मते तिथल्या गरिबाची खरी संधी तिथं मेली, आणि तिला मारणाऱ्यांत तिचे बापही होते. आपल्यातल्या काहींना हे कडू लागेल. मलाही लागलं.

आता अखुंदजादा घराणं. हेल्मंदच्या उत्तरेला मूसा कला, तिथला मुल्ला नसीम अखुंदजादा. रशियनांशी लढला. लढायला पैसा पाहिजे, पैसा अफूतून. त्याच्या ताब्यातल्या शेतकऱ्यानं जमिनीच्या ठरावीक हिश्श्यात अफू लावलीच पाहिजे, असा त्याचा हुकूम असायचा. नाही लावली तर शिक्षा. पुढं त्यानं अमेरिकनांकडून मदतीचा शब्द घेऊन अफू कमी करायचं कबूल केलं आणि १९९० मध्ये पेशावरात त्याला गोळ्या घातल्या. मग भाऊ रसूल आला आणि तो हेल्मंदचा वाली झाला. १९९५ च्या सुरुवातीला तालिबाननं हेल्मंद घेतलं. अखुंदजादे पाकिस्तानात पळाले. त्या पळापळीत रसूलचा मुलगा शेर मोहम्मद होता. त्याचं नाव लक्षात ठेवा.

तालिबाननं आपले वाली नेमले, मुल्ला आणि कमांडर. त्यांनीही अफूवर कर घेतला. २००० साली मुल्ला उमरनं एकदम अफूबंदी केली. देशातलं उत्पादन तेहतीसशे टनांच्या आसपास होतं, ते २००१ मध्ये दोनशे टनांच्या खाली आलं. जग म्हणालं वा वा. ज्या बटईदारानं अफूवर उचल घेतली होती त्याला कुणी वा वा म्हटलं नाही.

ही उचल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तिकडं तिला 'सलाम' म्हणतात. थंडीत व्यापारी रोख पैसे देतो आणि उन्हाळ्यात येणारी अफू आजच विकत घेतो, बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास. ज्याच्याकडं जमीन नाही तो 'बझगर', म्हणजे बटईदार. नुसते श्रम घालतो म्हणून तिसरा नाहीतर चौथा हिस्सा. अफूच्या बोंडाला चीर मारून चीक खरवडायला खूप हात लागतात, गव्हाच्या कित्येक पट. म्हणून जमीनमालक अफू लावायची असली की बझगरला घरासकट बोलावतो. अफू आहे तर बझगरला झोपडी आहे. हे डोक्यात ठेवा, पुढच्या सगळ्या वाल्यांचं मोजमाप मी याच झोपडीवरून करणार आहे.

२००१ चं शेवट. अमेरिका आली. कंदाहारात तालिबाननं शरणागती पत्करताना शहर मुल्ला नकीब या जुन्या कमांडरच्या हाती द्यायचं ठरलं होतं. पण गुल आगा शेरझाई हा अमेरिकन सैनिक बरोबर घेऊन थेट वालीच्या राजवाड्यात घुसला आणि बसला. तो १९९२ ते ९४ मध्येही तिथला वाली होता. त्याच काळाच्या अंदाधुंदीतून तालिबान उभे राहिले होते. लोकांनी ज्याच्यामुळं तोबा केली तोच पुन्हा खुर्चीत. कंदाहारच्या विमानतळावर अमेरिकन तळ झाला. खडी, मजूर, पहारेकरी, गाड्या, सगळी कंत्राटं शेरझाईच्या माणसांच्या हातून जायला लागली. सारा चेस नावाची अमेरिकन पत्रकार तिथं राहून हे सगळं बघत होती, तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. कंत्राटी कामगाराला हे वाचताना काही नवल वाटत नाही. जहाज कुणाचं, माल कुणाचा, आणि मधे उभा राहून दोन्हीकडून खाणारा कोण, हे आम्हाला रोज दिसतं.

हेल्मंदला शेर मोहम्मद अखुंदजादा आला. बाप वाली होता, आता पोरगा वाली. २००४ च्या घटनेनं प्रांतिक परिषद निवडून द्यायची ठरवली, पण तिनं सल्ला द्यायचा. वाली नेमायचा तो राष्ट्राध्यक्षानं. चौतीस प्रांतांचे चौतीस वाली, आणि सगळ्यांच्या दोऱ्या काबूलच्या एका खोलीत. म्हणजे मतपेटी आली, पण ती वालीच्या दारापर्यंत नाही आली.

शेर मोहम्मदच्या राज्यात ज्या टोळ्या त्याच्या जवळच्या होत्या त्यांना पोलिसाच्या नोकऱ्या. ज्या दुसऱ्या होत्या, त्यांतले लोक 'तालिबान' ठरायचे. अमेरिकनांना नाव सांगितलं की रात्री हेलिकॉप्टर यायचं. खबर देणारा कोण आणि त्याचं जुनं भांडण काय, हे कुणी विचारायचं नाही. अशा रीतीनं जो तालिबान नव्हता तोही झाला. शेजारच्या उरुझगानात जान मोहम्मद खाननं हेच केलं.

२००५ च्या जूनमध्ये शेर मोहम्मदच्या कचेरीच्या आवारात छापा पडला. नऊ टन अफू निघाली. नऊ टन! मी गोदीवाला आहे, मला वजन कळतं. नऊ टन म्हणजे पन्नास किलोच्या एकशेऐंशी गोणी. तो म्हणाला, ही जप्त केलेली आहे, मी सांभाळून ठेवली होती. असेल बाबा. इंग्रज हेल्मंदात फौज आणणार होते, त्यांनी अट घातली की हा माणूस नको. डिसेंबरात त्याला हलवला. तुरुंगात नाही, काबूलला संसदेच्या वरच्या सभागृहात. पुढं त्यानं स्वतःच एका इंग्रजी पत्राला सांगितलं की पगार द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा आपली तीन हजार माणसं तालिबानकडं गेली. १८८० साली वालीची फौज हेल्मंदच्या काठावरून उठून गेली होती, ती आठवा.

नवा वाली इंजिनियर मोहम्मद दाऊद. विकासकामातला, हात स्वच्छ. पण त्याच्यामागं टोळी नाही, पैसा नाही, आणि त्याचा उपवाली कोण? शेर मोहम्मदचा सख्खा भाऊ! २००६ च्या उन्हाळ्यात दाऊदच्या आग्रहावरून इंग्रज शिपाई सांगीन, नौझाद, मूसा कला इथं छोट्या छोट्या गढ्यांत जाऊन बसले, नाहीतर सरकारचं निशाण खाली येईल म्हणून. निशाण राहिलं. भोवतीचे बाजार विमानातून टाकलेल्या बॉम्बनी सपाट झाले. मूसा कल्यात म्हाताऱ्यांशी करार करून इंग्रज बाहेर पडले, आणि २००७ च्या फेब्रुवारीत तालिबान आत आले. दाऊद त्याच्या आधीच, २००६ च्या डिसेंबरात गेला होता. वर्षभर टिकला. नंतर असदुल्ला वफा, त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आणि मग २००८ च्या मार्चमध्ये गुलाब मंगल.

याच्यावर मी थांबणार आहे, कारण हा चांगला वाली होता. चोरांचं मोजमाप सोपं असतं. इंग्रज आणि अमेरिकन याचं नाव घेऊन इतर प्रांतांना धडे द्यायचे. साडेचार वर्षं राहिला, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरला, सभा घेतल्या. त्यानं 'फूड झोन' नावाची योजना चालवली. कालव्याखालच्या सुपीक पट्ट्यात शेतकऱ्यांना गव्हाचं बियाणं आणि खत, स्वस्तात. वर ताकीद, अफू लावली तर नांगर फिरवीन. २००९ मध्ये हेल्मंदातलं अफूचं क्षेत्र एक तृतीयांशानं घटलं. शाबासक्या मिळाल्या.

आता बझगरच्या झोपडीत जाऊ. बियाणं कुणाला मिळालं? ज्याच्या नावावर जमीन त्याला. गव्हाला हात किती लागतात? थोडे. मालकानं हिशेब केला आणि बझगरला सांगितलं, तुझी गरज नाही, सामान उचल. सलामचं कर्ज मात्र अंगावर तसंच. कर्जापायी लोकांनी पोरी दिल्याच्या कथा त्या मुलखातून येतच होत्या. मग हा माणूस गेला कुठं? बोग्रा कालव्याच्या उत्तरेला, वाळवंटात. ज्या जमिनीवर कुणी शेती केली नव्हती तिथं खोल विहिरी खणून, डिझेलच्या पंपानं पाणी ओढून त्यानं अफू लावली. पुढं सौरपंप आले. डेव्हिड मॅन्सफील्ड नावाचा इंग्रज संशोधक वर्षानुवर्षं या शेतकऱ्यांना भेटत राहिला, त्यानं हे तपशिलानं मांडलंय. कालव्याखाली सरकारचा गहू आणि कालव्यावर उपाशी माणसाची अफू. वाळवंटात सरकार नव्हतं. तिथं राज्य कुणाचं? तालिबानचं. बझगरनं सरळ हिशेब केला. एक वाली माझं पीक नांगरतो, दुसरा त्यावर कर घेतो. कर परवडला.

होय, दुसरा वाली. तालिबानचा. तेही प्रत्येक प्रांताला आपला वाली नेमत होते, सावलीतला. त्याची कचेरी नव्हती, मोटारसायकल होती. त्याच्या बरोबर काझी फिरायचा. सरकारी कोर्टात जमिनीचा तंटा वर्षानुवर्षं आणि लाच देऊन. तालिबानचा काझी चार दिवसांत निकाल द्यायचा आणि तो निकाल पाळला जायचा, कारण न पाळणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत. मी त्यांची तारीफ करत नाही, गैरसमज नको. ज्यांनी बाईला शाळेबाहेर काढलं त्यांची तारीफ मी कशाला करू? पण माणूस त्यांच्याकडं का गेला हे कळायला नको? आमच्याकडं मुकादम बदलला की पहिले चार दिवस टोळी खूष असते. नवा मुकादम बिडी देतो, नावानं हाक मारतो. दर तोच राहतो. कारण दर ठरवणारा तो नसतो, आणि आम्ही तर नसतोच नसतो.

याच काळातली एक गोष्ट, माझ्या धंद्यातली म्हणून सांगतो. २००८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काजाकीच्या धरणावर नवं जनित्र पोचवायचं होतं. सुमारे दोनशेवीस टन माल. हजारो सैनिकांचा ताफा, भोवती विमानं, वाटेत लढाई. पोचवला. लंडनमध्ये केवढं कौतुक झालं. मग ते बसवायला सिमेंट पाहिजे, आणि सिमेंट आणायची वाट सुरक्षित नाही. जनित्र वर्षानुवर्षं पेट्यांत पडून राहिलं. २०१६ उजाडलं ते बसायला. माल उतरवला म्हणजे काम झालं, असं समजणारे साहेब मी खूप पाहिलेत.

कंदाहारात याच वर्षांत असदुल्ला खालिद वाली होता. त्याच्यावर खाजगी कोठडीचे, छळाचे आरोप झाले. २००९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढं त्यांच्याच एका अधिकाऱ्यानं साक्ष दिली. खालिदनं आरोप नाकारले. २०१२ मध्ये तो देशाच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख झाला आणि २०१८ च्या शेवटी संरक्षणमंत्री. उत्तरेला बल्खमध्ये अता नूर २००४ पासून वाली होता. काबूलनं काढला तर उठेचना, तीन महिने अडून बसला, २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या अटींवर उठला.

आणि एक बामियान. हजारांचा प्रांत. २००५ मध्ये तिथं हबीबा सराबी वाली झाली, देशातली पहिली बाई गव्हर्नर. तिथं लढाई जवळजवळ नव्हती. पोरी शाळेत जात होत्या. मग परदेशी पैसा तिथं ओतायला पाहिजे होता ना? तो ओतला गेला हेल्मंदात आणि कंदाहारात, जिथं बॉम्ब फुटत होते तिथं. बामियानचे लोक म्हणायचे, आम्ही शांत राहिलो त्याचीच ही शिक्षा. गुलामांचे नातू शहाण्यासारखे वागले आणि त्यांना रस्ता मिळाला नाही. आपल्याकडंही असंच आहे का, ते तुम्ही तुमच्या वस्तीत जाऊन बघा. मी इथं विषय सोडत नाही.

१३ ऑगस्ट २०२१. लष्करगाह पडलं. त्याच सुमारास कंदाहार पडलं, दोन दिवसांनी काबूल. वालीच्या कचेरीत वाली नव्हता. गुल आगा शेरझाई, ज्याला अमेरिकेनं खुर्चीत बसवला होता, त्यानं तालिबानपुढं निष्ठा जाहीर केली. शेर अली खानला निदान कराचीपर्यंत जावं लागलं होतं.

आता वाली नेमतो तो कंदाहारात बसलेला अमीर, हिबतुल्ला. प्रांतिक परिषदेची ती सल्ला देणारी निवडणूकही गेली. बायांना तर बहुतेक सरकारी कचेऱ्यांतून बाहेर काढलं. २०२२ च्या एप्रिलात अमीरनं अफूबंदी काढली आणि या वेळी वाल्यांनी ती बजावली. संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे, २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर, २०२३ मध्ये १०,८००. हेल्मंदात तर जवळपास काहीच उरलं नाही. गुलाब मंगलला जे जमलं नाही ते यांनी केलं. आणि परिणाम तोच, फक्त दसपट. ज्या मोठ्या जमीनदाराच्या घरात जुन्या अफूचा साठा होता त्याचं भलं झालं, कारण भाव चढले. ज्याच्याकडं साठा नव्हता, जमीन नव्हती, वाळवंटात एक सौरपंप आणि दरवर्षी खोल जाणारं पाणी होतं, तो माणूस सामान बांधून निमरोझच्या वाटेनं इराणला मजुरीला निघाला. वीटभट्टी, बांधकाम, मिळेल ते. २०२५ साली इराणनं लाखो अफगाणांना हाकलून परत पाठवलं. सरहद्दीवरच्या फोटोंत बघा, पाठीवर गोधडीचं गाठोडं, हातात पोर.

आता प्रश्न विचारा. मघाशी जो हसला त्यानं पहिला विचारावा. मला रात्रपाळी आहे, नऊला निघावं लागेल.